जाळीतले घट

आमच्याकडे घट वर्षातून एकदाच बसतात, नवरात्रात. पण एक वर्ष असं आलं की आमच्या गोठ्यामागं ते रोज बसायचे आणि रोज उठायचे. हे खूळ माझ्या सासूचं. खूळ हा शब्द मी तेव्हा त्यांच्या तोंडावर वापरलेला आहे, त्यामुळे आता मागून वापरायला हरकत नाही. आम्ही सुना त्यांना आत्या म्हणतो.

आमचं गाव पाटोद्यापासून फार लांब नाही, पण डोंगराच्या अशा कडेला आहे की आलेला पाऊस पलीकडच्या अंगालाच पडून जातो. मी अंगणवाडीत सेविका. नवरा गावावरून पाटोद्याला काळी-पिवळी जीप चालवतो. धाकटा दीर आणि जाऊ दिवाळी झाली की ऊसतोडीला जातात आणि उन्हाळा तापायला लागला की परत येतात. मागं घरी आम्ही आणि आत्या. शेत आहे. पाऊस झाला तर त्यात ज्वारी येते, नाही झाला तर आम्ही घरात बसून एकमेकांवर ओरडतो.

त्या वर्षी पोळ्यानंतर पाऊस जो गेला तो परत फिरकला नाही. ज्वारी वीतभर उगवून पिवळी पडली. ज्वारी नाही म्हणजे कडबा नाही, आणि कडबा नाही म्हणजे गाय कशावर ठेवायची? गाय दिराची होती. लाल कंधारी, कपाळावर पांढरा ठिपका. तिची आई ती लहान असतानाच गेली, तेव्हा दिरानं तिला बाटलीनं दूध पाजून वाढवलं होतं. त्याचा आवाज आला की ती मान वळवायची. माझा आवाज आला की शेपटी मारायची. त्या दिवाळीत ती पहिल्यांदाच गाभण होती.

आता यात एक मेख होती. दीर ज्या भागात ऊस तोडायला जायचा तिथल्या एका बागायतदारानं त्याला आदल्या साली विचारलं होतं, की वर्षभर इथंच राहा, मळ्यावर खोली देतो, बायकोलाही काम देतो. मळा कॅनॉलच्या काठाला. दीर ही गोष्ट घरात अधूनमधून काढायचा आणि आत्यांचा चेहरा बघून परत ठेवून द्यायचा. तोडीला निघायच्या आधी एकदा जेवताना आत्यांनी त्याला सरळच विचारलं, “औंदा तोड झाली की येणार ना रे?”

“गाय हाय तवर येणारच की माय,” तो म्हणाला. “तिच्याबिगर हितं ठिवलंय काय?”

त्यानं हे हसत म्हटलं. जाऊही हसली. आत्या हसल्या नाहीत. त्या जेवणापासून त्यांच्या मनात एकच गोष्ट घट्ट बसली. गाय गोठ्यात राहिली तर लेक परत येईल, गाय गेली तर लेक गेला. मी त्यांना समजावलं, की माणूस काही गायीच्या दाव्याला बांधलेला नसतो. त्या म्हणाल्या, “तुला काय कळतंय? तुझा नवरा रोज संध्याकाळी घरी येतो.”

सरकारी चारा छावणीचं नाव त्यांना नको होतं. मागच्या एका दुष्काळात त्या स्वतः जनावरं घेऊन छावणीत जाऊन राहिल्या होत्या. तिथून किती जणांची जनावरं परस्पर बाजारात गेली हे त्यांनी बघितलं होतं. दावणीला उभं असलेलं जनावर विकायला हात धजत नाही, पण एकदा ते गावाबाहेर उभं राहिलं की धजतो, असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे गाय ठेवायची तर घरीच, हे ठरलं. कशावर, ते ठरायचं होतं.

ते दिरानं ठरवलं. तोडीच्या टोळीच्या मुकादमाला भेटायला तो युसूफ वडगावला गेला होता, तिथं एकाच्या घरी त्यानं पाण्यावरचा चारा बघितला. माती नाही, वावर नाही. हिरव्या जाळीची खोली, आत बांबूच्या मांडणीवर पसरट ट्रे, ट्रेमध्ये मका. मका एक दिवस पाण्यात भिजवायचा, मग ओल्या पोत्यात बांधून मोड आणायचे, मग ट्रेमध्ये पसरायचा आणि दिवसातून सात-आठ वेळा नुसता फवारा मारायचा. आठवडा उलटला की वीतभर हिरवं गच्च येतं आणि खाली मुळांची चटई होते. अख्खी चटई उचलून गायीपुढं टाकायची. दीर हे सांगत होता तेव्हा त्याचा एक मित्र ओट्यावर बसलेला होता. तो म्हणाला, “काय फेकतो बे! वावरात येईना अन् ताटात येणार व्हय?” दिरानं त्याला शिवी दिली आणि दुसऱ्या दिवशी बांबू तोडायला गेला.

गोठ्यामागं पडक्या भिंतीच्या आडोशाला त्यानं आणि माझ्या नवऱ्यानं मिळून ती जाळी उभी केली. वर जाळी, चारी बाजूंनी जाळी, आत शिरायला जाळीचाच पडदा. फवारायला पाठीवरचा नवा पंप आणला, कारण घरातला पंप कपाशीच्या औषधाचा होता. दोघं भाऊ त्या तीन-चार दिवसांत जितके हसले तितके मी त्यांना आधी किंवा नंतर हसताना बघितलेलं नाही. पहिला मका आत्यांनीच पसरला. आठवडा झाला आणि पहिला ट्रे तयार झाला, तेव्हा दीर आम्हाला सगळ्यांना बोलावून घेऊन गेला. जाळीच्या आत उजेडही हिरवा होता. आत्या ट्रेपुढं उभ्या राहिल्या. मातीशिवाय दाटीवाटीनं उगवलेले, पोपटी शेंड्यांचे ते कोंब. त्यांनी पायातली चप्पल मागं सरकवली, डोक्यावर पदर घेतला आणि म्हणाल्या, “हे तर घट हायेत.”

मी हसले. पण खरं सांगायचं तर दिसत तसंच होतं. नवरात्रात घरातल्या कोपऱ्यात, उन्हाशिवाय, पत्रावळीवरच्या मातीत धान असंच उगवतं. ते सांभाळायची आत्यांना जन्मभराची सवय. किती पाणी शिंपडायचं, कधी थांबायचं, वास कसा यायला पाहिजे, हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. दिराला वाटलं, झालं, आता काळजी नाही. तो आणि जाऊ निर्धास्त मनानं टोळीबरोबर निघून गेले.

मग आत्यांचे नियम सुरू झाले. जाळीत चप्पल घालून जायचं नाही. आत भांडायचं नाही, वाईट बोलायचं नाही. चारा ‘कापला’ म्हणायचं नाही, ‘उठवला’ म्हणायचं. रोज एक ट्रे बसायचा आणि रोज एक उठायचा, म्हणून मी त्यांना म्हणायचे, “आत्या, आपला तर बारा महिने दसरा. सोनं कधी वाटायचं?” त्या म्हणायच्या, “वाट की. अंगणवाडीतून येताना आपट्याची पानं आणलीस तर वाटू.” आणि सगळ्यात कडक नियम माझ्यासाठी होता. महिन्याचे चार दिवस मी जाळीच्या पडद्यालाही हात लावायचा नाही. घरात आम्ही हे सगळं कधीचंच सोडून दिलेलं होतं. मी स्वयंपाक करत होते, पाणी भरत होते, पण जाळीत मात्र मला बंदी. मी लई चिडले. म्हटलं, “गाय बाई न्हाई का? मक्याला काय कळतंय?” आत्या शांतपणे पंप पाठीवर चढवून आत गेल्या. पाण्यानं भरलेला पंप त्या वयात पाठीवर घेणं सोपं नव्हतं. त्या वाकून चालायच्या. मग माझा राग निम्मा कमी व्हायचा आणि निम्मा तसाच राहायचा. शिवाय चार दिवस फवारण्यातून सुटका मिळते हेही मला हळूहळू आवडायला लागलं, हे मी नवऱ्यालाही सांगितलं नाही.

गाय मात्र सुखात होती. आत्या चटई उचलून आणायच्या, पांढरी मुळं खाली लोंबत असायची, आणि गाय ती गव्हाणीत पडायच्या आतच ओढायची. मान हलवून हलवून मुळं तोडायची. तिचं अंग चकाकायला लागलं. गावातली बाकीची जनावरं बरगड्या मोजण्यावर आली होती, काही छावणीत गेली, काही बाजारात, आणि आमची गाय पोट वाढवत उभी. लोक बघायला यायचे. आत्या त्यांना बाहेरूनच जाळीतून दाखवायच्या.

संध्याकाळी दिराचा फोन यायचा, व्हिडिओवाला. तिकडं फडावरून कोपीवर, म्हणजे पाचटाच्या खोपटात, आल्यावर, जाऊ चुलीपाशी, हा मागं कुठंतरी उभा. आत्या माझा मोबाइल हातात घेऊन जाळीत जायच्या आणि एकेक ट्रे दाखवायच्या. “हे आज बसवलं. हे परवा उठंल. हे बघ कसं दाटलंय.” मोबाइल इतका हलायचा की त्याला हिरव्या रंगाशिवाय काही दिसत नसणार. मग गायीपुढं मोबाइल धरायच्या आणि तो हाक मारायचा. गाय मोबाइलला चाटायला जायची. “लई बेस झालीय गं माय,” तो म्हणायचा. आत्या विचारायच्या, “मंग? कधी येणार?” तो म्हणायचा, “तोड संपू दे की.” हे रोज. मला त्या फोनचा कंटाळा यायचा, चार्जिंग संपायचं. आज मात्र ते सगळं ऐकावंसं वाटतं.

माघ लागला आणि बोअरनं हवा ओकली. टँकर सुरू झाला. टँकरचा भोंगा वाजला की आख्खं गाव घागरी घेऊन धावायचं. जाळीला पाणी कमी लागायचं, पण लागायचंच. आत्यांनी ट्रेखालून गळणारं पाणी धरायला पत्र्याची पन्हळ लावून घेतली. ते पाणी गायीला प्यायला. स्वतःची अंघोळ त्यांनी एका तांब्यावर आणली. मी म्हणायचे, “आत्या, तुमच्या अंगाला आता वास मारायलाय.” त्या म्हणायच्या, “मारू दे. मला कोण बघायला येतंय?” पण रोज सकाळी प्रत्येक ट्रे नाकापाशी नेऊन त्याचा वास घ्यायच्या. बुरशीची कुठं जरा पांढरी-काळी तार दिसली की अख्खा ट्रे उकिरड्यावर. मला जिवावर यायचं. त्यांना नाही यायचं.

असं करत करत फाल्गुन गेला, चैत्र आला. गायीचे दिवस भरत आले होते, अजून दीड-दोन महिने. तोडही संपत आली होती. आत्या बोटांवर मोजायच्या आणि मला सांगायच्या, की तिचं विणं आणि त्याचं येणं एकदमच होईल. त्या वेळी त्यांचा चेहरा इतका मोकळा असायचा की मीही मनातल्या मनात म्हणायचे, होऊ दे बाई तसंच.

आणि तेव्हाच दिंद्रुडला आमचे चुलत सासरे गेले. म्हातारे होते, अंथरुणाला खिळलेले होते, गेले ते सुटले असंच सगळे म्हणाले. माती देऊन आम्ही परत आलो. भावकीतलं माणूस, म्हणजे आम्हाला दहा दिवस सुतक. ते नेहमीचंच. देवाला दिवा लावायचा नाही, गोडधोड करायचं नाही. अंगावर पाणी घेऊन मी पंप उचलला, तर आत्या जाळीच्या पडद्यापुढं उभ्या.

“सुतकात घटाजवळ जायचं न्हाई.”

मला आधी वाटलं, थकल्यामुळे त्या काहीतरी बोलतायत. मी म्हटलं, “आत्या, चैत्राचं ऊन हाय. एक दिवस पाणी चुकलं तर सगळं वाळून जाईल.”

“जाऊ दे.”

“अन् गाय? गाय काय खाईल?”

त्या पडद्यापुढून हलल्या नाहीत. माझा नवरा आला, तोही खवळला. “गव्हाणीत वैरण टाकलेली चालती, शेण काढलेलं चालतं, अन् जाळीत गेलेलं चालत न्हाई, हे कुठलं शास्त्र?” आत्या म्हणाल्या, “वैरण येगळी. हे घट हायेत.” नवरा म्हणाला, “मका हाय माय, मका!” आणि आत जायला निघाला. तेव्हा आत्यांनी त्याचा दंड धरला.

“धाकट्याची आण हाय तुला,” त्या म्हणाल्या. “तो तिकडं कोयत्याखाली अन् ट्रॅक्टरखाली हाय. मी त्याच्या नावानं हे बसवलंय. सुतकाचं पाऊल आत पडलं अन् त्याला काय झालं तर?”

इतके महिने त्या जाळीत पदर घेऊन काय करत होत्या हे मला त्या दिवशी कळलं. मी त्याला चारा समजत होते. गायीच्या जिवावर लेक परत यावा म्हणून हे चाललंय, इथपर्यंतच माझी समज पोहोचली होती. त्यांनी त्याच्या जिवाची काळजीही त्या ट्रेमध्येच पेरून ठेवली होती. दरवर्षी तोडीत कुणीतरी ट्रॉलीखाली येतं, कुणाच्या पायावर कोयता बसतो, ते सगळं ऐकून त्या आयुष्यभर गप्प बसत आल्या होत्या. माझा नवरा मुकाट्यानं बाजूला झाला. एवढ्या मोठ्या माणसाच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तो उगाचच गाडी पुसायला निघून गेला.

मग मीच मार्ग काढला. समोरच्या घरातली मावशी आमच्या भावकीतली नव्हती, तिला सुतक नव्हतं. आत्यांना विचारलं. त्यांनी विचार केला आणि हो म्हणून मान हलवली. मावशी बिचारी मनानं चांगली. सुतकात आमच्याकडे भाकरी-पिठलं तीच घेऊन येत होती. ती सकाळी यायची, फवारा मारायची, मोड आलेला मका पसरायची, गायीला एक ट्रे उठवून द्यायची. पण तिच्या घरी तिचंही काम होतं, टँकरही तिला एकटीलाच गाठायचा होता. सात-आठ वेळा यायला तिला कुठून जमणार? दोनदा यायची, कधी तीनदा. उन्हानं ट्रे करपायला लागले. मावशीला वाईट वाटलं. आपल्या हातून म्हातारीचं हिरवं जाऊ नये म्हणून तिनं घरची गोणपाटं आणली, ओली करून सगळ्या ट्रेंवर दडपून झाकली. म्हणजे ओल टिकेल. तिच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं.

ओल टिकली. आत सगळं कोंदलं.

आत्या दिवसातून कितीदा तरी जाळीपाशी जाऊन उभ्या राहायच्या. हात लांब केला तर ट्रेला लागेल इतक्या जवळ, पण बाहेर. एका सकाळी मी अंगणवाडीला निघाले होते तर त्या जाळीला नाक लावून उभ्या. म्हणाल्या, “वास येतोय गं.” मी म्हटलं, ओल्या बारदानाचा असेल. त्या म्हणाल्या, “न्हाई. बुरा आलाय.” मी मावशीला बोलावलं. तिनं बारदानं उचलली. वरून शेंडे हिरवेच होते, फक्त थोडे फिकट. तिनं त्यातल्या त्यात चांगले दिसणारे ट्रे ठेवले, बाकीचे फेकले. आत्या बाहेरून सांगत होत्या, “उलटं करून बघ. खालून बघ. मुळं काळी हायेत का बघ.” मावशीनं बघितलं आणि चांगली आहेत म्हणाली. तिची नजर आधीच अधू होती. जाळीतल्या त्या हिरव्या उजेडात पांढरं काय आणि काळं काय, मलाही बाहेरून कळत नव्हतं. आत्या परत परत म्हणत राहिल्या, “नाकाशी धर, नाकाशी धर.” पण मावशीला त्यातला वास कळत नव्हता. तो वास फक्त आत्यांना कळायचा, आणि त्यांच्या आणि ट्रेच्या मध्ये त्यांनी स्वतःच ठेवलेला पडदा होता.

गायीनं ते खाल्लं. भुकेलीच होती.

सुतक फिटलं त्या दिवशी आत्यांनी डोक्यावरून पाणी घेतलं आणि ओल्या केसांनीच जाळीत शिरल्या. एकेक ट्रे उलटा केला. मुळांची चटई खालून काळी-निळी झालेली. सगळे ट्रे बाहेर आणून उकिरड्यावर पालथे केले, राखेनं घासले, उन्हात मांडले. आणि मका भिजू घातला. त्यानंतर दोन दिवसांत गाय खाईनाशी झाली, पाय घासायला लागली, आणि भर दुपारी गाभडली. वासरू पूर्ण आकाराला आलेलं होतं, पण मेलेलंच पडलं. कपाळावर आईसारखाच ठिपका होता.

जनावरांचे डॉक्टर आले. बुरशीनं झालं असेल, ते म्हणाले, उन्हानं पण होतं, दुसरीही कारणं असतात, नक्की सांगता येत नाही. गाय वाचेल. समोरची मावशी दारात बसून मोठ्यानं रडायला लागली, की माझ्या हातून पाप झालं. आत्या तिच्यापाशी जाऊन बसल्या. “तुझं काय बी न्हाई,” म्हणाल्या. “तू पाणी घातलंस. बाकी माझं.” मला आत्यांचा भयंकर राग आला होता. दहा दिवस तो मी गिळून बसले होते आणि आता ओकायचा असं ठरवलेलं होतं. पण गायीच्या अंगावरून हात फिरवत, तिच्या कानात काहीतरी पुटपुटत बसलेली ती म्हातारी बघितली आणि राग पुन्हा गिळून मी गायीसाठी पाणी आणायला गेले.

संध्याकाळी दिराचा फोन आला. मी नवऱ्याला खूण केली, की आज आपण बोलू, काहीतरी सांगून वेळ मारून नेऊ. पण आत्यांनी हात पुढं केला. मोबाइल कानाला लावायचं सोडून त्यांनी तो तोंडापुढं धरला, जसा रोज गायीपुढं धरायच्या तसा. त्यामुळे त्याचं सगळं बोलणं आम्हाला ऐकू आलं.

“गाय गाभडली रे,” त्या म्हणाल्या. “माझ्यामुळं झालं. मी सुतक धरून बसले.”

पलीकडं कुणीतरी भांडी घासत होतं तेवढं ऐकू येत होतं. मग तो म्हणाला, “गाय हाय ना?”

“हाय. पण तू म्हणलाव्हतास...” आत्यांनी मोबाइल दोन्ही हातांनी धरला. “आता कशाला येशील तू?”

“माय,” तो म्हणाला. “मी संक्रांतीलाच हो म्हणलोय हितल्या मालकाला. खोली बी दिलीय त्यानं. तोड संपली की आमी हितंच ऱ्हाणार हाव.”

माझा नवरा खाली बघत राहिला. त्याला हे माहीत होतं का नव्हतं, मी अजून विचारलेलं नाही.

“मंग सांगितलं कावून न्हाईस?” आत्यांनी विचारलं. रागानं नाही. लहान मुलाला विचारावं तसं.

“तू रोज ते हिरवं दाखवायचीस. लई खुशीत असायचीस. म्हणलं, आज नगं, उद्या सांगू. रोज उद्याच म्हणत ऱ्हायलो.” तोही रडत होता. जाऊ मागून म्हणाली, “आत्या, तुमी या की हिकडं.”

संक्रांत. म्हणजे माघातलं टँकरचं पाणी, पत्र्याची पन्हळ, तांब्याभर पाण्याची अंघोळ, बोटांवरची ती मोजणी, सगळं त्यानंतरचं. मला तेव्हा दिराला ओरडून काहीतरी बोलायचं होतं. आता वाटतं, आत्यांच्या त्या खुशीतल्या आवाजाला नाही म्हणणं मलाही जमलं नसतं.

आत्यांनी पदरानं तोंड पुसलं. मग विचारलं, “तिथं पाणी हाय का?”

“हाय माय. लई हाय. कॅनॉल दारातूनच जातोय.”

“उन्हाळ्यात बी?”

“उन्हाळ्यात बी.”

“मंग ऱ्हा बाबा तिथंच,” आत्या म्हणाल्या आणि मोबाइल माझ्या हातात दिला. फोन चालूच होता. तो पलीकडून माय, माय करत होता. मी तो तसाच हातात धरून राहिले, बंदही करवेना.

आत्या उठल्या. सकाळी भिजत घातलेल्या मक्याची बादली कोपऱ्यात होती, तिच्यावरचं फडकं त्यांनी काढलं, पाणी ओतून काढलं आणि मका उन्हात वाळवायच्या पत्र्यावर पसरला. मी विचारलं, “आत्या, मग गायीला उद्या काय घालायचं?”

“तुझ्या नवऱ्याला म्हण, जरा हिंडूफिरू लागली की पाटोद्याच्या बाजारात ने,” त्या म्हणाल्या. “पण दाम बघून देऊ नको म्हणावं. ज्याच्याकडं पाणी हाय, त्यालाच दे.”